फ्लेक्सिबल कलाभवन कसं डिझाइन करायचं: डक्ट, ड्रेन आणि एसीच्या बाजूने

चित्र, शिल्प, नाटक, संगीत, नृत्य हे सगळे विभाग एका छताखाली आणायचं युनिव्हर्सिटीने ठरवलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, "सगळं फ्लेक्सिबल ठेवा बरं का, उद्या कोर्सेस बदलतील." सगळे माना डोलावतात, मिनिट्समध्ये ते वाक्य जातं, आणि पुढे ड्रॉइंग येतात तेव्हा त्या फ्लेक्सिबलचा अर्थ एवढाच उरलेला असतो की दोन वर्गांमध्ये एक सरकती पार्टिशन, जिच्यातून पलीकडचं सगळं ऐकू येतं आणि जी वर्षभरात एका जागी अडकून बसते. हा लेख पहिल्यांदाच अशा कामात पडलेल्यांसाठी आहे, म्हणजे नुकतेच ऑफिसला लागलेले आर्किटेक्ट, एमईपीवाले (एसी, वीज, प्लंबिंग बघणारे) ज्युनियर, आणि ज्यांना न विचारताच बिल्डिंग कमिटीवर बसवलंय ते सर-मॅडम. मी एसीवाला, त्यामुळे माझं झुकतं माप डक्टकडे (हवा नेणाऱ्या मोठ्या नळ्यांकडे) असणार हे धरूनच वाचा.

माझं म्हणणं असं की फ्लेक्सिबल बिल्डिंग भिंती हलवून होत नाही. काय कधीच हलणार नाही ते आधी ठरवायचं, ते घट्ट बसवायचं, आणि उरलेल्या जागेला भरपूर उंची, स्लॅबची ताकद, शाफ्टमधली (पाइप-डक्ट वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतली) रिकामी जागा आणि पाइपची बंद करून ठेवलेली टोकं देऊन मोकळं सोडायचं. भिंतींचं काय, त्या कुठलाही गवंडी दोन दिवसांत पाडून देतो.

आधी विचारा: या खोलीतून बाहेर काय पडतं?

विभागप्रमुखांना "तुम्हाला किती खोल्या हव्यात" असं विचारलं की आकडे मिळतात, आणि ते आकडे नेहमी शेजारच्या विभागापेक्षा एकने जास्त असतात. त्याऐवजी वर्कशॉपमध्ये जाऊन उभं राहा, तिथल्या असिस्टंटशी बोला (सगळ्यात खरी माहिती त्यांच्याकडे असते) आणि फक्त एवढं लिहून काढा की या खोलीतून काय बाहेर पडतं. धूळ, वाफ, उष्णता, आवाज, गढूळ पाणी. छापचित्रणवाले जस्ताच्या प्लेटला नायट्रिक अॅसिड वापरतात, तांब्याला फेरिक क्लोराइड, दोन्हींचं वागणं वेगळं. सिरॅमिकची भट्टी पहिल्या भाजणीला साधारण १००० अंशापर्यंत जाते, स्टोनवेअरला १२०० च्या वर. लाकूडकामात भुसा, दगडकामात सिलिकाची बारीक धूळ जी फुप्फुसात बसली की निघत नाही. कथकच्या वर्गात शंभर पावलं एकदम पडतात. तंबोरा लावणाऱ्याला यातलं काहीच ऐकू यायला नको असतं.

ही यादी झाली की विभागांची नावं विसरा आणि खोल्यांचे चार ढीग करा: घाण करणाऱ्या, गोंगाट करणाऱ्या, शांतता लागणाऱ्या आणि साध्या. साध्या म्हणजे ड्रॉइंग, थिअरी, कॉम्प्युटर, सेमिनार, ऑफिस. फ्लेक्सिबल व्हायची खरी लायकी या साध्या ढिगाचीच असते, आणि बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त बिल्डिंग हीच असते, त्यामुळे निराश व्हायचं कारण नाही.

शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधला क्राउन हॉल सगळ्यांनी कॉलेजात स्लाइडवर पाहिलेला असतो. आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोह, १९५६, १२० बाय २२० फुटांचा हॉल, उंची १८ फूट, मध्ये एक खांब नाही. तोच दाखवून "असं काहीतरी द्या" म्हणतात. पण त्या मोकळ्या हॉलमध्ये ड्रॉइंग बोर्डावरचं शांत काम चालतं, आणि ऑफिसं, वर्कशॉप वगैरे खालच्या मजल्यात ढकललेली आहेत. वरचा मोकळेपणा खालच्या मजल्याच्या जिवावर आहे हे स्लाइडवर दिसत नाही.

घाण करणाऱ्या खोल्यांची एकच पट्टी

भट्टी, वेल्डिंग, लाकूड, दगड, अॅसिड या सगळ्यांना बिल्डिंगच्या एका बाजूला उभ्या पट्टीत लावा, एकावर एक, आणि त्या पट्टीला स्वतःचा मोठा शाफ्ट द्या जो सरळ गच्चीवर जातो. दगड आणि भट्टी तळमजल्यावर, टेम्पो आत येईल एवढं गेट आणि वर चेन ब्लॉक लावायला बीम. छापचित्रण मला वरच्या मजल्यावर आवडतं कारण एक्झॉस्टची डक्ट छोटी राहते, फक्त प्रेसचं वजन स्ट्रक्चरवाल्याला आधी सांगा.

ही पट्टी कुठल्या दिशेला? आपल्याकडे पावसाळाभर वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तेव्हा एक्झॉस्ट पूर्वेच्या अंगाला आणि ताजी हवा घ्यायची जागा पश्चिमेच्या अंगाला ठेवली तर निदान चार महिने आपलीच घाण आपल्या नाकात येत नाही. हिवाळ्यात वारा फिरतो, म्हणून एक्झॉस्टचं तोंड गच्चीच्या बरंच वर न्यायचं आणि हवा वरच्या दिशेने जोरात फेकायची, त्याच्यावर ती टोपी बसवू नका जी हवा परत खाली वळवते. आणि पश्चिमेच्या लूव्हरमधून (हवा घ्यायच्या आडव्या पट्ट्यांच्या जाळीतून) पाऊस आत येतो, साधा लूव्हर चालत नाही, रेन लूव्हर आणि मागे पाणी निघायला ट्रे हवाच.

शाफ्ट ड्रॉइंगवर जेवढा लागतो त्याच्या दीडपट घ्या, आणि त्यात माणूस उभा राहून काम करेल असं दार द्या. पहिल्या दिवशी एक तृतीयांश शाफ्ट रिकामा दिसला पाहिजे. हा रिकामा भाग बघून कोणीतरी नक्की म्हणेल "इथे स्टोअर काढू", तेव्हा नको म्हणायचं.

स्ट्रक्चरवाल्याकडून आत्ताच मागून घ्यायच्या गोष्टी

नंतर पैसे ओतूनही मिळत नाहीत अशा दोनच गोष्टी, उंची आणि स्लॅबची ताकद. आयएस ८७५ (इमारतीवरच्या लोडचं भारतीय स्टँडर्ड) प्रमाणे वर्गखोलीला ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर लोड धरतात, आणि खुर्च्या पक्क्या नसलेल्या सभागृहासारख्या जागेला ५, म्हणजे ढोबळ मानाने चौरस मीटरला ५०० किलो. सगळी बिल्डिंग ५ वर डिझाइन करा, मग उद्या वर्गाचा स्टुडिओ करा नाहीतर स्टुडिओची गॅलरी करा, कोणाला विचारायला जावं लागत नाही. वाढीव खर्च स्टीलमध्ये येतो पण एकूण बजेटमध्ये तो सरकत्या पार्टिशनांपेक्षा सहज सोसतो असं माझं मत आहे.

स्लॅब ते स्लॅब ५ मीटर मागा, साडेचारवर तडजोड करा, त्याखाली उतरू नका. बीममध्ये स्लीव्ह (पाइप जायला आरपार भोकं) आत्ताच टाकून घ्या, ठरावीक अंतरावर, लागो न लागो, कारण नंतरचं कोअर कटिंग म्हणजे स्ट्रक्चरवाल्याची परवानगी, धूळ आणि सुट्टीची वाट बघणं.

आर्किटेक्ट लुई कानने कॅलिफोर्नियाच्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये, १९६५ मध्ये, प्रत्येक लॅबच्या मजल्याला जोडून फक्त पाइप आणि डक्टसाठी जवळपास ९ फूट उंचीचा आख्खा मजला दिला, तिथे माणूस चालत जाऊन काम करतो आणि लॅब बंद करावी लागत नाही. आपल्याला ते परवडणार नाही, पण त्याची गरीब आवृत्ती सहज जमते: मधला कॉरिडॉर रुंद ठेवा, त्याला फॉल्स सीलिंग अजिबात लावू नका, सगळ्या मेन लाइन त्या कॉरिडॉरच्या छताला उघड्या टांगा, आणि प्रत्येक खोलीत तिथून फक्त फांदी आत जाऊ दे. दुरुस्तीवाला शिडी घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा राहतो, आत वर्ग चालू राहतो. पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमध्ये (१९७७) हेच सगळं बाहेरच्या भिंतीवर काढलंय, निळ्या रंगात हवा, हिरव्यात पाणी, पिवळ्यात वीज, लाल रंगात माणसांची ये-जा, त्यामुळे आतले मजले मोकळे मिळाले. रंगांची कल्पना कॉरिडॉरमध्ये जरूर उचला. पाइप बाहेर काढायची मात्र उचलू नका, आपला पाऊस बघता तीन-चार वर्षांत गंजाचं प्रदर्शन होईल.

परदेशातलं आणखी एक उदाहरण हल्ली फार दाखवतात, आयोवा युनिव्हर्सिटीची व्हिज्युअल आर्ट्स बिल्डिंग. २००८ च्या पुरात त्यांची जुनी कलाशाळा गेली, मग स्टीव्हन हॉलच्या ऑफिसने नवी केली, २०१६ ला उघडली. स्लॅबच्या आतच पाण्याचे पाइप आहेत, स्लॅब थंड-गरम होतो आणि खोली त्याप्रमाणे. सुंदर काम आहे. पण आपल्याकडे आहे तसं आणायच्या आधी दोन प्रश्न विचारा. जुलैमधल्या मुंबईच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) २५-२६ अंशाच्या आसपास असतो, स्लॅब २०-२१ ला नेलात आणि कोणी खिडकी उघडली की छतातून घाम फुटणार आणि खाली कोणाचं तरी वॉटरकलर असणार. दुसरं म्हणजे शिल्पकलेची मुलं जिथे हात पोचेल तिथे ड्रिल मारतात. हैदराबादला इन्फोसिसने असा स्लॅब यशस्वी केलाय, पण ते ऑफिस आहे, तिथे खिडक्या बंद आणि छताला कोणी हात लावत नाही.

हवेचं गणित, एकदा हाताने करून बघा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक उदाहरण कागदावर करा. १००० चौरस फुटांचा पेंटिंग स्टुडिओ, २० विद्यार्थी. अॅश्रे ६२.१ (व्हेंटिलेशनचं अमेरिकन स्टँडर्ड) प्रमाणे आर्ट क्लासरूमला माणशी १० सीएफएम (मिनिटाला घनफूट) आणि वर चौरस फुटाला ०.१८. म्हणजे २०० अधिक १८०, झाली ३८० सीएफएम ताजी हवा. तीच खोली संगीताची असती तर २०० अधिक ६०, म्हणजे २६०. साधा लेक्चर हॉल असता तर माणशी साडेसात धरून २१०. आता खरी मेख: आर्ट क्लासरूमला एक्झॉस्ट चौरस फुटाला ०.७ लागतो, म्हणजे ७०० सीएफएम बाहेर फेकायचे. आत देतोय ३८० आणि बाहेर काढतोय ७००, मग उरलेले ३२० कुठून येणार? ते दाराच्या फटीतून, कॉरिडॉरमधून, शेजारच्या नृत्याच्या हॉलची थंड हवा चोरून येणार, आणि पावसाळ्यात खिडकीच्या फटीतून दमट हवा घेऊन येणार. दारं धाडकन आपटायला लागतात आणि सगळे म्हणतात एसी बरोबर नाही.

म्हणून एक्झॉस्ट आधी मोजा, मग ताजी हवा त्याला पुरवा. मुंबईच्या हवेत हे ७०० सीएफएम थंड आणि कोरडे करायला जवळपास ४ टन लागतात, खोलीतली माणसं-दिवे वेगळे, त्यामुळे एक्झॉस्ट दिवसभर फुल चालवणं परवडत नाही. फॅनला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) लावा आणि भिंतीवर एक साधा दोन स्पीडचा स्विच द्या, रंग-टर्पेंटाइन चालू असेल तेव्हा वरचा, नाहीतर खालचा. फॅनचा स्पीड ८० टक्के केला की वीज निम्म्यावर येते. एक्झॉस्ट वाढला की ताजी हवाही वाढली पाहिजे, दोन्ही एकमेकांना बांधून घ्या, नाहीतर वर सांगितलेली चोरी परत सुरू.

यात फ्लेक्सिबल काय? तर साध्या ढिगातल्या प्रत्येक खोलीला आज ताजी हवा वर्गापुरती द्या पण डक्टचा आकार आर्ट स्टुडिओचा ठेवा, आणि एक्झॉस्टची एक फांदी ब्लँक मारून (तोंड बंद करून) भिंतीपर्यंत आणून ठेवा. पत्र्याचा खर्च आहे, मशीनचा नाही.

अॅसिड, भुसा, ठिणग्या

अॅसिडच्या टेबलावर वर हूड लावायची सवय सोडा. माणूस प्लेटवर वाकतो, वाफ वर ओढली जाते, आणि मध्ये त्याचं नाक येतं. टेबलाच्या मागच्या कडेला लांबट फट ठेवून हवा मागे ओढायची, माणसाकडून टेबलाकडे, टेबलाकडून भिंतीकडे. डक्ट पीपी किंवा एफआरपीची, म्हणजे प्लास्टिक किंवा फायबरग्लासची. जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची) डक्ट अॅसिडच्या वाफेत आतून खात जाते, बाहेरून रंग शाबूत दिसतो, आणि एक दिवस सांध्याशी बोट लावलं की बोट आत जातं. फॅनही त्याच मटेरियलचा आणि गच्चीवर, म्हणजे बिल्डिंगच्या आतली सगळी डक्ट ओढीखाली राहते आणि गळती झाली तरी वाफ बाहेर येत नाही.

भुशाची डक्ट हे तिसरंच प्रकरण. एसीच्या डक्टमध्ये हवा मिनिटाला १००० ते १२०० फूट जाते, भुसा वाहून न्यायला ४००० च्या आसपास लागते, म्हणून ती डक्ट बारीक, गोल आणि मोठ्या वळणांची. एसीवाल्या सबकॉन्ट्रॅक्टरने चौकोनी डक्ट काढून दिली तर भुसा पहिल्याच वळणावर बसणार. आणि वेल्डिंगचा धूर या लाइनला कधीही, कोणी कितीही पैसे वाचवून दाखवले तरी, जोडायचा नाही. एक ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली की संपलं. अॅसिड, भुसा, वेल्डिंग, भट्टी, चार वेगळ्या लाइन, चार फॅन.

आगीवरून ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचं सांगायलाच हवं. आर्किटेक्ट मॅकिंटॉशची ती प्रसिद्ध बिल्डिंग, १९०९ मध्ये पूर्ण झालेली, त्यात तळघरातून हवा वर नेणाऱ्या जुन्या पोकळ्या होत्या. मे २०१४ मध्ये विद्यार्थी वर्षअखेरच्या प्रदर्शनाची तयारी करत होते, फोमच्या कॅनमधला ज्वालाग्राही गॅस गरम प्रोजेक्टरला लागून पेटला, आणि आग त्या जुन्या व्हेंटिलेशनच्या वाटांनी वर चढत लायब्ररीपर्यंत गेली. आग विझवायची नवी सिस्टिम बसवायचं काम तेव्हा चालूच होतं. दुरुस्ती होत आली असताना २०१८ ला परत आग लागली. तुमच्या बिल्डिंगमध्ये डक्ट जिथे जिथे शाफ्टची भिंत किंवा मजला ओलांडते तिथे फायर डॅम्पर (आग लागली की आपोआप बंद होणारी झडप) आणि भोवतीची फट सील, आणि "वापरात नाही" म्हणून सोडून दिलेल्या डक्टचं तोंडसुद्धा सील. अॅसिड आणि भुशाच्या लाइनला डॅम्पर चालत नाही, त्यांना आगरोधक शाफ्ट वेगळाच द्या.

एसी कुठला?

हल्ली सगळीकडे व्हीआरएफ (बाहेरच्या एका युनिटला गॅसच्या पाइपने जोडलेले बऱ्याच खोल्यांचे एसी) लावतात. स्टाफ ऑफिस आणि रियाजाच्या खोल्यांना ठीक आहे. पण बदलत राहणाऱ्या भागाला मी चिल्ड वॉटर (चिलरमध्ये गार केलेलं पाणी खोल्याखोल्यांत फिरवणारी सिस्टिम) सुचवतो, कारण कॉरिडॉरच्या मेन लाइनला दर सहा-सात मीटरवर व्हॉल्व्हसकट टॅपिंग काढून डमी मारून ठेवता येतं, उद्या खोली बदलली की प्लंबर येतो, एफसीयू (खोलीतलं पंखा-कॉइलचं युनिट) लटकवतो, व्हॉल्व्ह उघडतो. व्हीआरएफमध्ये तेच करायचं तर आख्ख्या सर्किटचा गॅस काढा, ब्रेझिंग करा, नायट्रोजन मारा, व्हॅक्यूम काढा, आणि तेवढा वेळ त्या सर्किटवरच्या सगळ्या खोल्या बंद. छोटी बिल्डिंग असेल, चिलर सांभाळायला माणूसच नसेल, तर अर्थात व्हीआरएफच घ्या, फक्त सर्किट मजल्याच्या नाही तर ढिगाच्या हिशोबाने पाडा.

आणि टनेज "सेफ्टी म्हणून" वाढवू नका. मोठा एसी खोली पटकन गार करतो आणि बंद पडतो, ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही, मग पावसाळ्यात खोली गार आणि चिकट. ताजी हवा वेगळ्या मशीनने आधी कोरडी करून द्या, खोलीतला एसी फक्त गारव्यापुरता. हे सगळ्यात जास्त लागतं ते वाद्यांना. तबल्याची पुडी दमट हवेत उतरते, कोरड्या झोतात चढते, आणि डिफ्यूझर (हवा सोडणारी जाळी) बरोबर तबलजीच्या डोक्यावर आला तर बिचारा तासभर हातोडीच मारत बसतो. आर्द्रता ५०-५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा आणि रात्रीही वाद्यांच्या कपाटाची खोली पूर्ण सोडून देऊ नका.

ड्रॉइंग स्टुडिओला मात्र सरसकट एसी कशाला? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची १८७८ ची इमारत बघा, उंच छत, मोठ्या खिडक्या, उत्तरेचा उजेड. पुण्या-नाशिकसारख्या हवेत उंच छत, पंखे आणि समोरासमोर खिडक्या यांवर वर्षातले बरेच महिने निघतात. डक्टची जागा ठेवा, मशीन नंतर.

शांत खोल्या

मैफलीच्या हॉलला एनसी (खोलीतल्या मागच्या आवाजाचं माप, जेवढं कमी तेवढं शांत) २० च्या आत, रियाजाच्या खोलीला २५-३०, वर्गाला ३५, असे आकडे डोक्यात ठेवा. सायलेन्सर लावून हे होत नाही, वेग कमी करून होतं. गाण्याच्या खोलीत शेवटच्या टप्प्यात हवा मिनिटाला ५०० फुटांच्या आत, म्हणजे डक्ट मोठी, म्हणजे परत उंची. एएचयू (हवा गार करून डक्टमध्ये ढकलणारं मोठं मशीन) या खोल्यांच्या डोक्यावर नको, खाली स्प्रिंग आयसोलेटर असले तरी नको.

एक बारीक गोष्ट जी नवीन माणूस हमखास विसरतो, परत जाणारी हवा. दोन लाखांचं साउंडप्रूफ दार लावतात आणि हवा परत जायला त्याच्या खाली पाऊण इंचाची फट सोडतात, मग शेजारच्या खोलीतला ख्याल या खोलीतल्या ठुमरीत मिसळतो. दार खालून सीलच हवं, आणि परतीची हवा वरून, आतून इन्सुलेशन लावलेल्या झेड आकाराच्या ट्रान्सफर डक्टने. दोन खोल्यांना एकच सरळ डक्ट आरपार नेली तर तो स्पीकिंग ट्यूबच होतो.

नृत्याचा हॉल रेकॉर्डिंग रूमच्या वर ठेवू नका. नाटकाच्या ब्लॅक बॉक्सला (काळ्या, मोकळ्या प्रयोगाच्या हॉलला) दिवे टांगायची छताची ग्रिड पूर्ण भरून द्या, एसीचा हिशोब एलईडी दिवे धरून करा, कारण जुना हॅलोजन एक किलोवॅटचा असला तर तेवढीच उष्णता खोलीत सोडायचा आणि ते दिवस गेले.

पाणी

प्रत्येक दुसऱ्या खांबाला पाणी, ड्रेन, थ्री फेज वीज आणि डेटा आणून बंद करून ठेवा. ड्रेन विसरू नका, पाणी वरून कुठूनही आणता येतं, ड्रेनला उतार लागतो. माती आणि प्लास्टरच्या सिंकखाली ट्रॅपची टाकी, आणि ती सिंकखालून ओढून बाहेर काढता येईल, खाली बादली मावेल अशी. प्लास्टर पाइपात गेलं तर ते तिथे दगड होतं, मग पाइप कापण्याशिवाय इलाज नाही. अॅसिडच्या सिंकची लाइन वेगळी, आधी न्यूट्रलायझेशन (अॅसिडचा जोर मारणाऱ्या) टाकीत.

टेंडर आणि ताबा

बजेट कमी पडलं की कात्री पहिली लागते ती न दिसणाऱ्या गोष्टींना: रिकामा शाफ्ट, डमी टॅपिंग, स्लीव्ह, मोठी डक्ट. याउलट लॉबीचा ग्रॅनाइट सुखरूप असतो. म्हणून या गोष्टी टेंडरमध्ये "भविष्यासाठी" या नावाखाली वेगळ्या काढूच नका, मूळ आयटममध्ये मिसळून टाका. फ्लोअरिंग, फर्निचर, अगदी चिलरचा दुसरा नग पुढच्या ग्रँटवर ढकलता येतो, स्लॅब ढकलता येत नाही.

ताबा घेताना प्रत्येक डमी टॅपिंगवर धातूचा बिल्ला, आणि त्याच नंबरचं एक ड्रॉइंग लॅमिनेट करून प्लांट रूमच्या भिंतीवर. एअर बॅलन्सिंगचा (कुठल्या खोलीत किती हवा जाते ते मोजून जुळवल्याचा) रिपोर्ट कागदावर नको, तुमच्यासमोर दोन खोल्या मोजून दाखवायला सांगा. फायनल बिलातला काही भाग पहिल्या पावसाळ्यापर्यंत अडकवून ठेवा, आणि जुलैमध्ये, धो धो पाऊस चालू असताना, सगळे एक्झॉस्ट फुल चालू करून रियाजाच्या खोलीत दार लावून बसा. मीटर बरोबर ठेवाच, पण एखाद्या गाणाऱ्या मुलीलाही बसवा, तिला जे ऐकू येतं ते मीटरमध्ये नेहमी येतंच असं नाही.